संध्याकाळच्या विजेचं धरण

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या वर गेला की मनीषनगरात दिवस मावळल्यावरही उकाडा हटत नाही. सिमेंटच्या गच्च्या आणि भिंती रात्री उशिरापर्यंत धग सोडत राहतात. बेसा रस्त्याकडच्या सदनिकांमध्ये सातच्या सुमारास माणसं कामावरून परततात आणि अर्ध्या-पाऊण तासात एसी, कुलर, पाण्याचे पंप, लिफ्ट, मिक्सर सगळं एकदम चालू होतं. नेमकं त्याच वेळी गच्च्यांवरच्या आणि माळरानांवरच्या सौर पॅनलांचं उत्पादन शून्यावर आलेलं असतं. महाराष्ट्राची विजेची कमाल मागणी आता तीस हजार मेगावॅटच्या घरात गेली आहे. ती दिवसभर कशी भागते यापेक्षा या दोन-चार तासांत कशी भागते, हा अधिक अवघड प्रश्न आहे.

नागपूरकराला विजेचं अप्रूप नसावं, कारण वीज आपल्या दारातच तयार होते. उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा, दक्षिणेला चंद्रपूर. विदर्भातली वीज इतकी, की ती पश्चिमेकडे पोचवण्यासाठी चंद्रपूरपासून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची खास उच्चदाब वाहिनी टाकावी लागली. पण कोळशाच्या संचाला घाई जमत नाही. थंड पडलेला बॉयलर तापून वाफ पुरेशा दाबाला यायला तासच्या तास लागतात, आणि चालू संचाचं उत्पादनसुद्धा हळूहळू, बेताबेतानंच वाढवावं लागतं. वीज तर सहज साठवून ठेवता येत नाही. मागणी आणि निर्मिती क्षणोक्षणी जुळली नाही, तर साऱ्या जाळ्याची वारंवारता ५० हर्ट्झवरून हलते. हा तोल ऐरोलीच्या राज्य भारप्रेषण केंद्रातून सांभाळला जातो. त्याचंच एक विभागीय केंद्र आपल्या अंबाझरीला आहे. तोल ढळू लागला की या मंडळींची नजर जाते ती नागपूरपासून सरळ रेषेत सुमारे सातशे किलोमीटरवर असलेल्या कोयना जलविद्युत प्रकल्पाकडे. तिथलं जनित्र काही मिनिटांत पूर्ण ताकदीनं चालू होतं.

कोयनेची उंची, लांबी, टीएमसी हे आकडे पाठ्यपुस्तकांमुळे अनेकांना तोंडपाठ असतात. मला त्या प्रकल्पाची खरी थोरवी वेळेत दिसते. धरणापासच्या छोट्या वीजगृहासह त्याच्या सगळ्या संचांची मिळून क्षमता सुमारे १९६० मेगावॅट. हे संच वर्षभर अखंड चालले तर सतरा अब्जांहून जास्त युनिटं तयार होतील. प्रत्यक्षात तीन अब्जांच्या आसपास होतात, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा. कोणी म्हणेल, एवढी यंत्रं बसवून ठेवायची कशाला? उत्तर असं, की पाणी मोजकंच आहे. कृष्णा पाणीवाटप लवादानं कोयनेचं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणीच पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवायला परवानगी दिली आहे. ते चोवीस तास थोडं थोडं वापरण्याऐवजी गरजेच्या घटकेला भरभरून वापरायचं, म्हणून एवढी यंत्रं.

पश्चिमेकडे वळवायचं म्हणजे काय, ते नकाशावर पाहायला हवं. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या माथ्याला समांतर सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेला वाहते. हेळवाकजवळ ती काटकोनात पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. पुढचा प्रवास थेट बंगालच्या उपसागरापर्यंत. पण हेळवाकच्या त्या वळणावर नदीच्या पश्चिमेला एकच डोंगररांग उभी आहे आणि पलीकडे कोकण एकदम खाली कोसळलं आहे. नदी अडवून डोंगरातून बोगदा काढला, तर तेच पाणी जवळजवळ पावणेपाचशे मीटर खाली आणता येतं. शाळेतल्या सूत्रानं हिशोब केला, तर या उंचीवरून पडलेल्या हजार लिटर पाण्यातून एक युनिटाहून थोडी जास्त वीज मिळते. मनीषनगरातला दीड टनाचा एसी त्यावर तासभरही मुश्किलीनं चालेल. एका खोलीच्या एका तासाच्या गारव्यासाठी छपरावरची अख्खी टाकी पावणेपाचशे मीटरवरून रिकामी करावी लागते!

या जागेचं मोल टाटांच्या अभियंत्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच ओळखलं होतं. १९१५ साली खोपोलीचं वीजगृह सुरू करून त्यांनी घाटमाथ्याचं पाणी कोकणात उतरवण्याची युक्ती सिद्धही केली होती. पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत कोयनेची योजना मात्र बाजूला पडली. स्वातंत्र्यानंतर ती सरकारनं हाती घेतली आणि मोरारजी देसाई मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना, १९५४ साली, कामाचा आरंभ झाला. तेव्हा नागपूर त्या राज्यात नव्हतंच. ते मध्य प्रदेशाची राजधानी होतं. आठ वर्षांनी, १९६२च्या मेमध्ये, प्रकल्पाच्या पोफळी वीजगृहातला पहिला संच फिरू लागला तेव्हा नागपूर आणि कोयना एका महाराष्ट्रात आले होते आणि मुख्यमंत्री होते कोयनाकाठच्या कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण.

पोफळीचं वीजगृह डोंगराच्या पोटात आहे. कातळ कोरून केलेल्या दालनात पहिल्या दोन टप्प्यांचे आठ संच एका ओळीत बसवलेले आहेत. ही पेल्टन जातीची टर्बाइनं आहेत. पाण्याचा झोत नळीतून सुटतो आणि चाकाच्या कडेला लावलेल्या वाट्यांवर आदळतो. पाणी थोडं पण पडण्याची उंची प्रचंड असली की हीच रचना योग्य ठरते. इथून बाहेर पडणारं अवजल वाया जात नाही. ते कोळकेवाडीच्या धरणात अडवलं जातं आणि आणखी शंभरएक मीटर खाली सोडून तिसऱ्या टप्प्याचे ८० मेगावॅटचे चार संच चालवले जातात. त्यानंतर ते वाशिष्ठीत जातं आणि चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळतं. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी असं अरबी समुद्रात उतरतं, आणि उतरताना दोनदा वीज देऊन जातं.

हे सगळं ज्या भिंतीवर उभं आहे ती १०३ मीटर उंच आणि ८०० मीटरांहून थोडी अधिक लांब आहे. तिच्यामागे शिवसागर जलाशयात १०५ टीएमसी पाणी मावतं. पाणलोटाचं क्षेत्र नऊशे चौरस किलोमीटरही नाही, पण सह्याद्रीच्या त्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नागपुरात पडतो त्याच्या चौपटीहून अधिक.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी या भिंतीची परीक्षा झाली. जलाशय भरायला लागल्यापासून, १९६२पासूनच, परिसरात बारीक धक्के जाणवत होते. त्या पहाटेचा धक्का ६.३ तीव्रतेचा होता. कोयनानगर उद्ध्वस्त झालं. पावणेदोनशेच्या घरात माणसं झोपेतच गेली. दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीनं निर्धोक आहे, अशी तोवर शास्त्रज्ञांची आणि अभियंत्यांची समजूत होती. धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा विचार केला होता तोही याच समजुतीनं, अगदी बेताचा. प्रत्यक्षात धरणातल्याच उपकरणानं नोंदवलेला हादरा त्या गृहीतापेक्षा कितीतरी पट मोठा निघाला. खालच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या पातळीवर उंच खंडांना आडव्या भेगा पडल्या. पण भिंत उभी राहिली. ती फुटली असती तर कऱ्हाड आणि सांगलीचं काय झालं असतं, या विचारानं आजही अंगावर काटा येतो.

पुढे झालेल्या कामाची म्हणावी तशी वाहवा झाली नाही, म्हणून ते इथे मुद्दाम सांगतो. आधी भेगांमध्ये इपॉक्सी भरलं आणि ताणलेल्या पोलादी तारांनी खंड खाली आवळून धरले. मग काही वर्षांत भिंतीच्या पाठीला काँक्रीटचा जाड आधार देऊन मूळ छेदच भक्कम केला. नंतर सांडव्याचा भागही मजबूत झाला. हे सारं जलाशयात पाणी आणि वीजगृहात काम चालू असताना करायचं होतं. मोठ्या जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळू शकते, याचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण कोयना ठरलं. म्हणून कऱ्हाडला केंद्र सरकारनं भूगर्भ संशोधनाची प्रयोगशाळा उभारली आणि या भागात तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेऊन भूकंप जिथे जन्मतात त्या खडकाचा अभ्यास चालवला आहे.

संध्याकाळची गरज ओळखून बांधलेला खरा टप्पा म्हणजे चौथा. २५० मेगावॅटचे चार संच, म्हणजे एकट्याचे १००० मेगावॅट. त्याच्या बोगद्याचं तोंड जलाशयाच्या तळाशी उघडायचं होतं. धरण रिकामं केलं असतं तर वीज आणि सिंचन दोन्ही बंद पडलं असतं. मग नॉर्वेत रुळलेली पद्धत अवलंबली. बोगदा जमिनीखालून जलाशयाच्या अगदी जवळ नेला, शेवटी कातळाचा थोडा जाड पडदा तेवढा ठेवला आणि त्याच्या अलीकडे फुटलेले दगड साठायला खड्डा खोदला. १३ मार्च १९९९ला तो पडदा सुरुंगानं उडवला आणि पाणी बोगद्यात शिरलं. आशियातलं हे पहिलं लेक टॅपिंग. वरून किती वजनाचं पाणी दाबतं आहे, खडक कुठे चिरलेला आहे, स्फोटानंतर दाबाची लाट किती उसळेल, हे सगळं आधी कागदावर अचूक सुटलेलं असावं लागतं, कारण दुसरी संधी नसते. आपल्या जलसंपदा खात्याच्या अभियंत्यांनी ते केलं. २५ एप्रिल २०१२ला तेच पुन्हा केलं, आणखी खालच्या पातळीवर, म्हणजे उन्हाळ्यात जलाशय उतरल्यावरही चौथा टप्पा चालावा.

आता दुसरी बाजू. शिवसागराखाली शंभराच्या आसपास गावांची जमीन गेली. त्या वेळी राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. पहिला कायदा आला १९७६ साली, तोवर माणसं सातारा, सांगली, सोलापूर, अगदी रायगड-ठाण्यापर्यंत पांगली होती. कुणाला माळरान मिळालं, कुणाला पाणी नसलेली जमीन, कुणाला फक्त कागद. धरणग्रस्तांच्या यादीत, म्हणजे संकलन रजिस्टरात, नाव आहे की नाही, यावर कुटुंबांच्या तीन पिढ्या अडकल्या. साठ वर्षांनंतरही कोयना धरणग्रस्तांना ठिय्या द्यावा लागतो. धरणाला विरोध करणारी परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट त्यातूनच सेनापती झाले. कोयनेच्या लोकांनी तर फारसा विरोधही केला नाही. राज्याला वीज हवी हे त्यांनी मान्य केलं. अशा माणसांचा हिशोब इतकी वर्षं थकवणं हा सरळ अन्याय आहे. भूकंपानं चिरलेली भिंत ज्या राज्यानं काही वर्षांत सावरली, त्याला ही यादी पुरी करणं अशक्य होतं असं मी मानणार नाही.

नागपूरजवळ कोयना का होत नाही, असं कुणी विचारलं तर उत्तर पेंच नदीवर मिळतं. रामटेक तालुक्यात, व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात, तोतलाडोहचं धरण आहे. भिंत ७४.५ मीटर उंच, ८० मेगावॅटचे दोन संच, आणि वीज दोन राज्यांत विभागलेली: दोन तृतीयांश मध्य प्रदेशाची, एक तृतीयांश महाराष्ट्राची. आपल्या वाट्याला पन्नासएक मेगावॅट येतात. इथे सह्याद्रीचा कडा नाही. पाणी पडणार ते फार तर भिंतीच्या उंचीवरून, म्हणून कोयनेइतकीच वीज हवी तर निदान सहापट पाणी सोडावं लागतं. आणि ते पाणी मोकळं नाही. तोतलाडोहातून सुटलेलं पाणी खाली नवेगाव खैरीला अडवलं जातं. तिथून कालव्यांनी शेतीला जातं, शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रांना जातं, कोराडीच्या औष्णिक केंद्रालाही जातं. वर छिंदवाड्यात चौराई धरण झाल्यावर येवा घटला. २०१९च्या जुलैमध्ये पाऊस लांबला आणि नागपुरात नळाला दिवसाआड पाणी आलं. त्याच वर्षी सप्टेंबरात पावसानं जोर धरला आणि तोतलाडोहचे दरवाजे उघडावे लागले.

कोयनेच्या पाण्यावरही असे दावेदार वाढत आहेत. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांना कृष्णेतून पाणी हवं असतं, आणि पाऊस कमी झाला की वीजनिर्मितीचा वाटा आखडता घेऊन ते पूर्वेकडे सोडावं लागतं. मग तेवढ्या संध्याकाळी राज्याला बाहेरून महाग वीज घ्यावी लागते. यावर एक उपाय घाटघरला २००८पासून चालू आहे. १२५ मेगावॅटचे दोन संच, स्वस्त वीज असताना, खालच्या धरणातलं पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी पुन्हा खाली सोडतात. चढवायला लागते त्यापेक्षा उतरताना वीज कमीच मिळते, पण ती हव्या त्या वेळेला मिळते. सौर वीज दुपारी भरपूर आणि रात्री नाही, अशा काळात राज्यानं सह्याद्रीच्या घाटांत अशा आणखी योजना आखल्या आहेत. त्यातल्या प्रत्येकीला जागा लागेल, जंगल लागेल, काहींना गावंही लागतील. कोयनेच्या संकलन रजिस्टराचं काम पुरं करण्याची हीच वेळ आहे, पुढचा पहिला सुरुंग लागण्याआधीची.