पुण्याच्या पेठा एकदा डोळे उघडून पाहा

पुण्याला आपण जातो ते दवाखान्यासाठी, कोर्टाच्या तारखेसाठी, नाहीतर लग्नाच्या बस्त्यासाठी. दौंडची मंडळी शटलने, शिरूरची एस.टी.ने. बस्ता बांधला की परत. आपले पैसे ज्या बाजारात जातात तो बाजार कसा चालतो, हे पाहायला म्हणून कुणी जात नाही. यंदा दिवाळीनंतर दोन्ही गावांतले आम्ही अकरा जण, त्यात कॉलेजची चार मुले-मुली, फक्त पेठा पाहायला गेलो.

पुण्याच्या जुन्या पेठांना वारांची नावे आहेत. आजची बुधवार पेठ १७०३ साली औरंगजेबाच्या काळात ‘मुहियाबाद’ म्हणून वसली. भवानी पेठ १७६७ साली, पेशवाईत. व्यापारी यावा, राहावा, म्हणून राज्यकर्ते पेठा वसवीत. आणि आपले पूर्वज? पेशव्यांच्या राजधानीत अस्पृश्याने कमरेला झाडू बांधून, गळ्यात मडके अडकवून फिरावे असा दंडक होता, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’मध्ये लिहून ठेवले आहे. त्याच रस्त्यांवरून आमच्या मुली वह्या घेऊन दुकानांच्या पाट्या उतरवून घेत होत्या.

सर्वात जास्त वेळ गेला रविवार पेठेत. बोहरी आळीत नळाच्या तोट्या, खिळे, कुलपे, साखळ्या, दोर, सगळे ठोक. शेजारी कापडगंज. गल्ली एवढी अरुंद की हातगाडी आली की माणसांनी दुकानाच्या पायरीवर चढायचे. एका वयस्कर दुकानदाराला आम्ही सरळच विचारले, “शेठ, आमच्या पोराला गावात हार्डवेअरचे दुकान टाकायचे तर माल उधार मिळेल का?” त्यांनी न रागावता उत्तर दिले, “दादा, पहिला माल रोखीने. मग ओळख झाली की महिन्याची उधारी. इथे कागद कमी, ओळख जास्त.”

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. जमाखर्च, ताळेबंद सगळे शिकलो, पण हे एक वाक्य आम्हाला कॉलेजात कुणी शिकवले नाही. ओळख म्हणजे काय? आजोबांची ओळख, जातभाईंची ओळख, सोयऱ्यांची ओळख. ज्यांच्या आजोबांना पेढीची पायरी चढू दिली नाही, त्यांनी ती कुठून आणायची? बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात असताना प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहिला. पुढे मुंबईत त्यांनी शेअर्सबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला, तर सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. एवढ्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाची ही गत! तेव्हा आपली मुले नोकरीच्याच मागे का लागतात, असे विचारणाऱ्यांनी आधी हा इतिहास वाचावा. पण आता सरकारी जागा आटत चालल्यात, हेही घरोघरी दिसते आहे.

तिथून बुधवार पेठेत गेलो. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी ज्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तो वाडा भर बाजारातला. तळाला दुकाने होती. बरीच वर्षे कोर्टकचेरी होऊन अखेर डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी तो पाडण्यात आला.

जोतीराव स्वतः धंदा करणारे होते, हे आमच्यातल्या निम्म्या जणांना माहीत नव्हते. धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या मुशी विकण्याची एजन्सी त्यांच्याकडे होती, बांधकामाचे ठेके ते घेत. १८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. नव्या मंडईच्या खर्चाला त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणावर लावा, हे त्यांचे म्हणणे. मंडई तरी झालीच. १८८६ साली उघडली, गव्हर्नरच्या नावाने ‘रे मार्केट’ म्हणून. आज तिला नाव आहे महात्मा फुले मंडई! गंज पेठेतल्या त्यांच्या वाड्यातला हौद मात्र कुणाच्या परवानगीवाचून १८६८ साली अस्पृश्यांना खुला झाला. आमच्यातल्या म्हाताऱ्या मावशी त्या हौदापाशी बराच वेळ उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत.

नाना पेठ, भवानी पेठ हा पूर्वीचा भुसार बाजार. पुढे तो गुलटेकडीला गेला. इथल्या पोत्यांखाली शिरूर, दौंडच्याही कित्येक पाठी झिजल्या. या हमालांची संघटना डॉ. बाबा आढाव यांनी उभी केली. १९६९ साली माथाडी कायदा झाला, १९७४ साली हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. आम्ही तिथेच जेवलो. झुणका चांगला, भाकरी गरम.

ज्यांना जायचे आहे त्यांनी सकाळी लवकर निघावे. पायी फिरावे, रिक्षा करू नये. लहान मुलांचा हात सोडू नये. मुलांना वही द्यावी आणि भाव विचारायला लावावे. आमच्यातल्या एका मुलीने दोन दुकानांतले तोट्यांचे भाव लिहून आणले आणि घरी आल्यावर गावच्या दुकानातले भाव शेजारी मांडले. ती वही सध्या महिला मंडळाच्या बचत गटात फिरते आहे.