आधी हातापायांना वळण

चीनमधले कन्फ्यूशियसपंथी विचारवंत चू शी (११३०–१२००) उजाडायच्या आत उठत. लांब झगा, डोक्याला वस्त्र आणि पायांत चौकोनी जोडे घालून घरच्या पितृमंदिरात नमस्कार करत. मग प्राचीन ज्ञात्यांना वंदन, आणि त्यानंतरच अभ्यासिका. तिथे मेज सरळ, ग्रंथ जागच्या जागी. जेवताना चमचा नि चॉपस्टिकचीही जागा ठरलेली. त्यांचे शिष्य आणि जावई ह्वांग कान यांनी गुरूचं चरित्र लिहिताना हे सारं आवर्जून नोंदवलं.

याला नुसतं सोवळंओवळं म्हणणं अन्यायाचं होईल. मनाला थेट लगाम घालता येत नाही; बसणं, चालणं, बोलणं मात्र आपल्या हातात असतं. माणूस बाहेरून नीटनेटका आणि गंभीर राहिला की मन आपोआप एका ठिकाणी येतं, असं त्यांच्या आधीचे विचारवंत छंग ई (१०३३–११०७) शिकवत. चू शींनी हाच धागा पुढे नेला. ११८७ मध्ये सिद्ध झालेल्या ‘श्याओ श्वे’ या बालशिक्षणाच्या ग्रंथात सुरुवात अंगण झाडणं, पाणी शिंपडणं, हाकेला नीट ओ देणं इथून होते. विश्वाच्या मूलतत्त्वाचा विचार नंतर.

मोठ्यांसाठी ‘चिया ली’ हा घरगुती विधींचा ग्रंथ होता. प्रौढत्वाचा संस्कार, लग्न, अंत्यविधी आणि पितृपूजा असे चार विधी, तेही साध्या घराला झेपतील असे. पितृमंदिरात चार पिढ्यांच्या पूर्वजांच्या नावाच्या पाट्या. घरच्या कर्त्याने रोज सकाळी तिथे उदबत्ती लावायची, प्रवासाला निघताना सांगून जायचं. आग लागली, पूर आला तर आधी या पाट्या वाचवायच्या, घरची चीजवस्तू शेवटी. पण ऐपत नसेल तर असेल तेवढ्यात करावं, आजारी माणसाने शक्तीप्रमाणे करावं, ही मुभाही त्यात आहे. कारण खरी गोष्ट प्रेम आणि आदर. ग्रंथाचा मोठेपणा या सवलतीत आहे.

कोरियात जोसन राजवटीत हाच ग्रंथ घरगुती विधींचा आधार झाला आणि तिथे विधींच्या मोजमापाला विलक्षण धार आली. १६५९ मध्ये राजा ह्योजोंग वारला. तो थोरला मुलगा नव्हता, पण गादीवर बसला होता. मग त्याच्या सावत्र आईने सुतक एक वर्ष पाळायचं की तीन? दरबारातला पश्चिम गट म्हणाला एक, दक्षिण गट म्हणाला तीन. प्रश्न राजाच्या वारसाहक्काला भिडत होता, म्हणून दरबार दुभंगला. तेव्हा एक वर्ष ठरलं. १६७४ मध्ये ह्योजोंगची राणी वारली आणि वाद पुन्हा पेटला; या खेपेस दक्षिण गटाची सरशी झाली, आणि पश्चिम गटाचे धुरीण सोंग सी-योल यांना हद्दपार व्हावं लागलं.