उंच इमारती आणि भूकंप

लालबाग-परळच्या परिसरात एके काळी कापडगिरण्यांची धुराडी सर्वांत उंच दिसत. आज त्याच भूमीवर चाळीस-पन्नास मजल्यांचे मनोरे उभे आहेत. गिरगावातही जुन्या चाळींच्या जागी काँक्रीटच्या उंच इमारती उठत आहेत. शेकडो कुटुंबे अशी एकावर एक राहू लागली, म्हणजे धरणी हादरल्यास त्यांचे काय होईल, हा विचार करावाच लागतो.

दख्खनचे पठार अचल आहे, असा पूर्वी समज होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने तो खोटा ठरविला. सुमारे १८० माणसे दगावली आणि धक्का मुंबईपर्यंत जाणवला. भारतीय मानक संस्थेने भूकंपाविषयीची संहिता १९६२ सालीच प्रसिद्ध केली होती. कोयनेनंतर, १९७० मध्ये, तिचा नकाशा बदलावा लागला. २००२ व २०१६ च्या आवृत्त्यांत देशाचे दुसरा ते पाचवा असे चार विभाग केले असून मुंबई तिसऱ्यात, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात, घातली आहे.

बस एकाएकी सुटली, की उभा उतारू मागे कलतो. इमारतीचेही तसेच होते. पाया जमिनीबरोबर सरकतो, वरचे मजले जडत्वामुळे मागे राहू पाहतात, आणि खांबांवर आडवा जोर येतो. हा जोर किती धरावा, हे संहिता सांगते. त्यासाठी इमारतीचे वजन, तिचा विभाग, तिच्याखालची जमीन आणि तिचा झोका हे सारे विचारात घ्यावे लागते. झोपाळ्याप्रमाणे प्रत्येक इमारतीची एक स्वतःची लय असते. उंची वाढेल तसा झोका संथ होतो. १९८५ साली भूकंपाचे केंद्र तीनशे किलोमीटरांहून दूर असूनही मेक्सिको शहरात मोठा संहार झाला. जुन्या सरोवराच्या मऊ गाळाची लय आणि मध्यम उंचीच्या इमारतींची लय जुळली होती. भराव घालून बेटे जोडलेल्या मुंबईने हे उदाहरण विसरू नये.

परंतु केवळ बळकटी पुरत नाही. खडू वाकवून पाहा. तो ताडकन तुटतो. तार मात्र वाकते, पण तुटत नाही. काँक्रीट दाब उत्तम सोसते; ताण आला की ते खडूसारखे वागते. त्याला तारेचा गुण लोखंडी सळ्या देतात. खांबाच्या उभ्या सळ्यांभोवती आडव्या रिंगा बांधतात. तुळई व खांब यांच्या सांध्याजवळ त्या अधिक दाट असाव्यात आणि त्यांची टोके आत, खांबाच्या गाभ्यात वळवावीत, असे १९९३ ची दुसरी एक संहिता सांगते. टोके नुसती काटकोनात वळविली, तर हादऱ्यात रिंग उघडते, आतले काँक्रीट ढासळते आणि सळ्या फाकतात. एवढ्याशा वळणावर एवढी माणसे विसंबून असतात! मोठ्या भूकंपात भिंतींना तडे जावेत, इमारत झुकावी, पण ती कोसळू नये व माणसे बाहेर पडावीत, एवढीच संहितेची अपेक्षा असते.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेतही अनेक काँक्रीटच्या इमारती कोसळल्या. त्यांतील बऱ्याच इमारतींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवलेला होता. वरती भिंती, खाली नुसते खांब! सारा हेलकावा त्या खांबांवर आला. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत अशा खांबांसाठी कडक नियम आले. पुढे २०१७ मध्ये पन्नास मीटरांहून उंच काँक्रीटच्या इमारतींसाठी स्वतंत्र संहिता निघाली.

अर्थात संहितेची पाने कितीही असली, तरी रिंग बांधणारा कारागीर आणि ती तपासणारा अभियंता यांनी ती पाळली पाहिजे. नियमांपूर्वी उभ्या राहिलेल्या जुन्या इमारतींत तर अशा रिंगा बहुधा आढळत नाहीत. त्यांच्या खांबांभोवती नव्या सळ्या व रिंगा बांधून काँक्रीटचे आवरण चढविता येते. मात्र ते काम खर्चाचे आहे, आणि रहिवाशांना काही काळ जागा सोडावी लागते.