गुदडीची मांडणी

गोधडी शिवायला सुई-दोरा पुरतो, मांडायला मात्र निर्णय लागतो. म्हणूनच अनेक घरांतल्या ट्रंकांत कापून ठेवलेल्या, पण कधीच न शिवलेल्या तुकड्यांची गाठोडी असतात. रावेतच्या आमच्या घरातही असं एक गाठोडं आहे. शेजारी तिला गोधडी म्हणतात, कोल्हापूरकडे वाकळ म्हणतात, आमच्याकडे गुदडी. अम्मी २००९ साली गेली. आपल्या जुन्या ओढण्यांचे १५ चौकोन तिनं कापून ठेवले होते. अब्बांच्या कारखान्याच्या खाकी कपड्यांचे चार जोड मात्र अख्खेच राहिले.

भाऊ म्हणतो, खाकी मधोमध हवी, घर त्या कपड्यांवर उभं राहिलं. आपा म्हणते, मधोमध अम्मीच. या वादात वर्षं गेली. अम्मीसारखा बारीक धावदोरा घालणारी आता एकटी खाला उरली आहे. तिचं वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू होत चाललेली. तिचा हात या गुदडीला लागायचा असेल, तर याच हिवाळ्यात.

अशा वेळी प्रश्न आवडीचा न ठेवता कापडाला विचारावा. गोधडी झिजते ती आधी काठाला, कारण ओढाताण तिथेच होते. म्हणून जाड, चिवट कापड कडेला आणि मऊ, विरळ कापड आत. विरलेल्या तुकड्याला मागून जुन्या चादरीचं अस्तर द्यावं. सगळं कापड आधी धुऊन घ्यावं, म्हणजे आटायचं ते आटतं, रंग जायचा तो जातो. कापताना धाग्याच्या सरळ रेषेत कापावं. तिरका तुकडा ताणला जातो आणि चौकोन वाकडा होतो.

मग हिशेब. ५ फूट रुंद, ७ फूट लांब गोधडीत फूटभराचे ३५ चौकोन बसतात. शिवणीसाठी चारी बाजूंनी अर्धा इंच सोडायचा, म्हणून कापताना १३ इंच. कडेच्या एका रांगेला २० चौकोन लागतात, आत उरतात १५. अम्मीनं कापलेले १५च आहेत! आणि खाकीच्या प्रत्येक पँटीतून चार, शर्टाच्या पाठीतून एक, असे चार जोडांतून वीस निघतात. तिच्या मनात हीच मांडणी होती की काय, हे सांगायला ती नाही. पण कापड तरी तेच सांगतं.

बाहेरून आत जाण्याची रीत नवी नाही. उत्तर कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रिया आपली कवंदी कोपऱ्यापासून सुरू करतात आणि काठाकाठानं शिवत मध्यावर येतात. शेवटी कोपऱ्यांना घडीचे रंगीत त्रिकोण लावतात. त्यांना त्या ‘फुला’ म्हणतात. उलट अमेरिकेत अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या ‘हाउसटॉप’ मांडणीत मधला तुकडा आधी, मग त्याभोवती पट्ट्या. याच वस्तीतल्या मिसूरी पेटवे यांनी १९४२ साली नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. जीज बेंडच्या गोधड्यांचं मोठं प्रदर्शन २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात भरलं. कष्टाचे कपडे असे पांघरुणात जपणारे आपणच एकटे नाही.

आतल्या पंधरा ओढण्यांत आठ फिक्या, सात गडद आहेत. त्या आलटून पालटून मांडल्या की चारही कोपऱ्यांत फिकी येते. डोळा फसतो म्हणून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून पाहावा. रंग जातो, फिकं-गडद तेवढं उरतं. शिवण्याआधी मधून कडेकडे मोठे कच्चे टाके घालावेत, नाहीतर पोटात सुरकुत्या जमतात. पक्का धावदोरा मग काठापासून आत.

भावाला मी सांगितलं, खाकी कडेला आली म्हणजे बाजूला पडली असं नाही. सगळं धरून ठेवणारी तीच. अब्बांनीही घरात तेच केलं. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी पँटींच्या शिवणी त्यानंच उसवून दिल्या. आता कच्चे टाके आम्ही तिघं घालणार आहोत. सुईत दोरा ओवून देण्याचं काम माझं, आणि पक्का धावदोरा खालाचा.