पारसांस्कृतिक मानसोपचार केंद्र

पारसांस्कृतिक मानसोपचार केंद्र : भाषा, धर्म, चालीरीती आणि आजाराविषयीच्या समजुती यांत परस्परांहून भिन्न असलेल्या समाजगटांतील रुग्णांवर, ही भिन्नता लक्षात घेऊन, उपचार करणारे केंद्र. एमील क्रेपेलीन या जर्मन मनोविकृतिवैज्ञानिकाने १९०४ मध्ये जावा बेटावरील मनोरुग्णांची पाहणी केली. तेव्हापासून या अभ्यासास प्रारंभ झाला, असे मानतात. माँट्रिऑलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात १९५५ मध्ये त्याचा स्वतंत्र विभाग निघाला.

भारतात हा प्रश्न एकाच शहराच्या परिसरातही उद्‌भवतो. नासिकमधील सातपूर ही औद्योगिक वसाहत त्याचे उदाहरण होय. येथे मराठी कामगारांबरोबर उत्तर प्रदेश, बिहार या राज्यांतून आलेले कामगारही आहेत. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील त्र्यंबकेश्वर, पेठ या तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली इ. आदिवासी जमातींची वस्ती आहे. या सर्वांना एकाच बाह्यरुग्ण विभागात सेवा द्यावयाची, तर पुढील अडचणी संभवतात.

निदान : खिन्नतेचा रुग्ण स्वतःस उदास म्हणवीलच असे नाही. मराठी रुग्ण ‘जीव घाबरा होतो’ म्हणतो, तर हिंदी भाषक ‘घबराहट’ किंवा ‘गैस’ची तक्रार करतो. धातू जाण्याच्या भीतीतून येणाऱ्या अशक्तपणास नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात’ लक्षणसमूह असे नाव दिले. याउलट, जत्रेत अंगात येणे हा समाजमान्य आचार असतो. हा संदर्भ ज्यास ठाऊक नाही, त्यास तेथे छिन्नमानसाची लक्षणे दिसू शकतात. चुकीच्या निदानाने रुग्णास दीर्घकाळ अनावश्यक औषधे घ्यावी लागतात, किंवा खरा विकार उपचाराविना राहतो.

दुभाषा : बरोबर आलेला नातेवाईक वा सहकारी हाच पुष्कळदा दुभाषा बनतो. त्याच्यासमक्ष स्त्रीला घरातील छळ किंवा कामगाराला व्यसन सांगता येत नाही; बातमी मुकादमापर्यंत गेल्यास रोजगार जाण्याचे भय असते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचाराचे फायदे-धोके रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगूनच त्याची संमती घ्यावी लागते. त्यामुळे प्रशिक्षित व गोपनीयतेने बांधलेला दुभाषा ही केंद्राची प्राथमिक गरज ठरते. त्याचे वेतन व मुलाखतीस लागणारा जादा वेळ यांची तरतूद अंदाजपत्रकातच करावी लागते.

वेळ व पाठपुरावा : रोजंदारीच्या कामगारास सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात येणे म्हणजे दिवसाची मजुरी गमावणे होय. पाळ्यांनुसार सायंकाळची वेळ ठेवल्यास ही अडचण कमी होते. सणासाठी वा शेतीच्या हंगामात गावी जाणाऱ्यांचे उपचार खंडित होतात. त्यांना पुरेशी औषधे व तेथील डॉक्टरास वाचता येईल असा नोंदीचा कागद द्यावा लागतो.

पारंपरिक उपचारक : अनेक कुटुंबे प्रथम भगत वा देवस्थान यांकडे जातात. त्यांची हेटाळणी केल्यास रुग्ण ती गोष्ट लपवितो. मात्र साखळदंड, मारहाण यांना थारा देता येत नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे २००१ मध्ये लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. रुग्णाची श्रद्धा न दुखविता औषधोपचार चालू राखणे, हा व्यवहार्य मार्ग होय.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) निरनिराळ्या मानसिक विकारांचे सु. ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित आढळले. तज्ञांची संख्या वाढविणे आवश्यक आहेच. परंतु रुग्णाचे म्हणणे त्याच्या भाषेत ऐकून घेण्याची व्यवस्था नसेल, तर उपलब्ध तज्ञाचाही पुरेसा उपयोग होत नाही.