स्नेहबंध आणि वर्ग

ज्या बालकास आरंभीच्या वर्षांत वडीलधाऱ्यांचा निःशंक आधार लाभला नाही, ते वर्गात शिक्षिकेला बिलगून राहो अथवा तिचा प्रत्येक हुकूम मोडो, दोहोंच्या मुळाशी असुरक्षितताच असू शकते, हे ओळखून शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ मार्जरी बॉक्सॉल यांनी १९६९ च्या सुमारास लंडनमध्ये ‘नर्चर ग्रूप’ नावाचे छोटे वर्ग सुरू केले. जॉन बोल्बी यांचा स्नेहबंध-सिद्धान्त हे त्यांचे अधिष्ठान होय. दहा-बारा मुले, एक शिक्षिका, एक सहायिका, ठरलेला दिनक्रम आणि एकत्र न्याहारी, एवढाच सरंजाम. त्यांत न्याहारीचे महत्त्व मला विशेष वाटते, कारण थांबणे, मागणे, वाटून खाणे हे धडे तेथेच मिळत. मूळ वर्गाशी मुलाचा संबंध तुटू दिला जात नसे, आणि साधारणतः दोन ते चार सत्रांनंतर ते पूर्णवेळ तेथे परते.