पंचनाम्यात न आलेले मन

पैनगंगेच्या उत्तर तीरावर यवतमाळ जिल्हा आणि दक्षिण तीरावर आदिलाबाद. मध्ये नदी आहे म्हणून राज्ये दोन. एरवी जमीन तीच काळी, पीक तेच कापसाचे, आणि बेला, जैनथ, भैंसा, मुधोळ या बाजूंच्या कित्येक घरांत बोलीही तीच मराठी. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्याकडे गेले. उरलेली मराठी वस्ती जिथल्या तिथे राहिली. आधी आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात. २०१६ च्या ऑक्टोबरात जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. भैंसा-मुधोळ निर्मल जिल्ह्यात पडले. सरहद्दी अशा कितीदा सरकल्या, पण एक गोष्ट दोन्ही तीरांवर सारखीच राहिली. कापूस बुडाला की ज्या बातमीची धास्ती यवतमाळच्या गावांना वाटते, तीच धास्ती आदिलाबादच्या गावांनाही वाटते.

शेतकऱ्याची आत्महत्या हा विषय कुटुंबाच्या मासिकात कशाला, असे काही वाचक म्हणतील. आमचे म्हणणे असे की, हा विषय कृषिखात्याच्या अहवालांत आणि विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांत पुष्कळ झाला. घरात मात्र त्याविषयी बोलणे झाले नाही. आणि घरात बोलणे झाले नाही म्हणूनच त्यातली एक बाजू अंधारात राहिली. ती बाजू म्हणजे त्या माणसाचे मन.

तेलंगणाच्या कापूसपट्ट्यातील ही व्यथा देशापुढे ठळकपणे आली ती १९९७-९८ च्या हंगामात, वरंगळ जिल्ह्यात अळीने कापूस खाल्ला तेव्हा. पुढे २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि ज्वारी-तुरीची रानेही हळूहळू पांढरी झाली. बियाणे विकतचे, खत विकतचे, फवारणी विकतची. पाणी मात्र आभाळाचे. कृषी केंद्राचा दुकानदार उधारीवर माल देणार आणि हंगामात कापूस त्याच्याच काट्यावर जाणार, ही रीत या भागातल्या वाचकांना सांगायला नको. २००४ साली आंध्र प्रदेश सरकारने आत्महत्याग्रस्त कुटुंबांसाठी दीड लाख रुपयांची तरतूद केली. तेलंगणा सरकारने २०१५ साली ती सहा लाखांवर नेली. त्याच २०१५ या एका वर्षात तेलंगणातील शेतकरी व शेतमजूर मिळून १,४०० जणांच्या आत्महत्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने नोंदल्या आहेत. महाराष्ट्राचा त्या वर्षीचा आकडा ४,२९१ होता.

ही मदत देण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. मृत्यू खरोखर शेतीच्या संकटामुळे झाला की नाही, हे ठरविण्यासाठी तिघांची समिती जाते: महसूल खात्याचा अधिकारी, पोलीस अधिकारी आणि कृषी अधिकारी. सातबाऱ्यासारखा जमिनीचा कागद, बँकेचे कर्ज, सावकाराची चिठ्ठी, पिकाची अवस्था, शवविच्छेदनाचा अहवाल, हे सारे तपासले जाते. पैशाच्या व्यवहारात तपासणी हवीच, तिला आमची हरकत नाही. परंतु या तिघांत डॉक्टर नाही, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. गेल्या तीन महिन्यांत या माणसाला झोप लागत होती काय, तो जेवत होता काय, गावच्या दवाखान्यात डोके दुखते म्हणून गेला होता काय, हा प्रश्न ठेवायला त्या नमुन्यात रकानाच नाही. माणूस गेल्यावर त्याच्या कर्जाची उलटतपासणी होते. तो असताना त्याच्या मनाची साधी विचारपूसही कोणाच्या कर्तव्यात बसत नव्हती.

आत्महत्येला कर्ज कारणीभूत नाही, असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. कर्ज आहे, भाव नाही, विमा वेळेवर नाही. यांवर पांघरूण घालण्यासाठी कोणी मनाचे नाव पुढे करील तर तो खोटेपणा होईल. परंतु एकाच गावात, एकाच सावकाराचे तितकेच देणे असलेल्या दहा जणांपैकी नऊ जण कसेबसे तग धरतात आणि एक कोसळतो, तेव्हा त्या एकाच्या ठिकाणी आणखी काहीतरी घडत होते हेही मान्य केले पाहिजे. ते ‘आणखी काहीतरी’ पुष्कळदा नैराश्य हा आजार असतो. आजार आहे म्हणजे त्याला उपचार आहे.

सैनिकांच्या बाबतीत जगाला हे उशिरा का होईना कळले. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याखालून परतलेल्या शिपायांचे हात थरथरत, ते रात्री किंचाळत उठत. त्यांना कित्येक ठिकाणी भेकड ठरविण्यात आले. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या वेळी प्रश्न इतका वाढला की १९८० साली तेथील मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या अधिकृत ग्रंथात आघातोत्तर ताणाच्या विकाराला स्वतंत्र स्थान दिले. नाव मिळाल्यावर दवाखाने आले, निवृत्तिवेतनाचे हक्क आले, आणि तरीही त्या देशात माजी सैनिकांच्या आत्महत्या थांबलेल्या नाहीत. शेतकऱ्याचे युद्ध दर जूनला नव्याने सुरू होते. त्याच्या दुखण्याला कागदोपत्री जे एकच नाव मिळाले ते ‘कर्जबाजारीपणा’, आणि त्यावर कुठल्याही दवाखान्यात औषध मिळत नाही.

हा आजार आपल्या घरांत कसा ओळखावा? ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणून कोणी शेतकरी दारात येत नाही. तो म्हणतो, हातपाय गळाल्यासारखे वाटतात, छातीत धडधडते, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, रानात जावेसे वाटत नाही. घरातली माणसे म्हणतात, आळशी झाला, नाहीतर नजर लागली. डॉक्टर सलाईन लावतात, शक्तीची गोळी देतात. मग तो माणूस पारावर बसेनासा होतो, लग्नकार्याला जाणे टाळतो, कधी दारूकडे वळतो. एखाद्याने मरणाची भाषा केली तर आपण ‘असे अभद्र बोलू नये’ म्हणून त्याचे तोंड बंद करतो. हे आपले चुकते. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत तज्ज्ञांनी केव्हाच खोटी ठरवली आहे. ‘जीव नकोसा वाटतो का?’ असे जवळच्या माणसाने शांतपणे विचारले, तर बहुधा त्याला सुटल्यासारखेच वाटते.

उपचाराची गोष्ट आम्ही नुसत्या विश्वासावर सांगत नाही. आपल्या मराठी मुलखातच तिचा पडताळा झालेला आहे. गोव्याच्या ‘संगथ’ संस्थेने विदर्भात ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालविला. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत, गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून, त्यांना घरोघर पाठविण्यात आले. ‘मानसिक रोग’ हा शब्द दारातूनच परत पाठवितो. ‘ताण’ म्हटले की माणूस बसायला सतरंजी टाकतो. हे कार्यकर्ते ताणाविषयी बोलत, ज्याला गरज असेल त्याला समुपदेशकाकडे नेत, आणि ज्याला औषधच हवे त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे. ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात २०१७ साली या कामाचा हिशेब प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण आरंभी शेकडा ४.३ होते, ते दीड वर्षात शेकडा २७.२ झाले. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येणाऱ्यांची संख्याही घटली. यासाठी मोठी इमारत बांधावी लागली नाही. चिकाटीने दारोदार फिरणारी माणसे लागली, आणि ती त्याच बोलीत बोलणारी होती.

येथे बृहन्महाराष्ट्रातील वाचकांचा प्रश्न येतो. पोटदुखीचा रोगी परक्या भाषेच्या डॉक्टरला बोट लावून दाखवू शकतो की इथे दुखते. मनाचे दुखणे बोटाने दाखविता येत नाही. तिथे भाषा हीच तपासणीची नळी आणि भाषा हेच अर्धे औषध. आदिलाबादच्या ज्या माणसाने बाजाराची तेलुगू, कचेरीची तेलुगू उत्तम कमावली आहे, त्यालाही रडायचे असते ते मराठीतच. आणि हे केवळ मराठीचेच नाही. उटनूर-इंद्रवेल्लीच्या डोंगरात गोंडी आहे, कोलामी आहे, तांड्यांवर बंजारा बोली आहे, आणि त्यांना आपल्याहूनही कमी कोणी विचारतो. आदिलाबाद गावात ‘रिम्स’ हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००८ पासून आहे, ही मोठी सोय झाली. तत्पूर्वी सुमारे तीनशे किलोमीटरवरचे हैदराबाद किंवा नदीपलीकडचे यवतमाळ-नागपूर एवढाच मार्ग होता. तेथे मराठी व गोंडी जाणणारा एकेक समुपदेशक कायमचा बसला, तर कोट्यवधींच्या योजनेहून अधिक काम होईल असे आमचे मत आहे.

देशाकडे योजना नाहीत असेही नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा आहे. १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम प्रथम चार जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत आदिलाबादच्या दक्षिणेचे मेदक एक होते. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्याच्या दहा रुग्णांपैकी आठांहून अधिक जण उपचारावाचून असल्याचे आढळले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला, उपचार हा नागरिकाचा हक्क ठरविला, आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न समजता तो तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, त्याची काळजी सरकारने घ्यावी, असे सांगितले. ही तरतूद खेड्यापाड्यांत पोहोचली आहे असे वाटत नाही. अजूनही पोलिसांच्या भीतीने ‘चुकून झाले’ असे सांगण्याकडे घरच्यांचा कल असतो, आणि मग वाचलेला माणूस उपचाराविना त्याच खोलीत, त्याच विचारांपाशी परत येतो.

तेलंगणाने २०१८ साली रैतुबीमा ही योजना आणली. जमीन नावावर असलेला १८ ते ५९ वयाचा शेतकरी कोणत्याही कारणाने गेला तरी कुटुंबाला पाच लाख रुपये. विधवेला कचेऱ्यांत ‘आत्महत्याच होती’ हे सिद्ध करीत फिरावे लागत नाही, हा या योजनेचा खरा गुण. पण त्याचाच दुसरा परिणाम असा की, तसे नोंदविण्याचे कारणही उरत नाही. आणि नंतरच्या वर्षांत उतरलेले सरकारी आकडे वाचताना हे ध्यानात ठेवावे. शिवाय जमीन नावावर नसेल तर काय? रैतु स्वराज्य वेदिका या संघटनेने तेलंगणातील ६९२ आत्महत्यांची पाहणी करून २०१८ साली सांगितले की, त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश शेतकरी दुसऱ्याची जमीन मक्त्याने कसणारे होते. आदिलाबादच्या आदिवासी क्षेत्रात तर १९७० च्या कायद्यान्वये बिगर-आदिवासींना जमीन घेता येत नाही. तो कायदा आदिवासींच्या रक्षणासाठी आहे आणि न्याय्य आहे. तरी पिढ्यान्‌पिढ्या तेथे राबणाऱ्या गरीब मराठी कुटुंबांकडे कागद नाही, म्हणून बँक नाही, विमा नाही, हेही खरेच. अशा माणसापर्यंत कोणतीही योजना कागदामार्फत पोहोचणार नाही. पोहोचेल ती माणसामार्फतच. विकाराबाद जिल्ह्यात २०१७ साली निघालेली ‘किसान मित्र’ ही दूरध्वनी सेवा पुढे आदिलाबादेतही आली, तिची कल्पना हीच होती: जमिनीची तक्रार असो वा जीव उबगलेला असो, ऐकायला एक माणूस आणि लागले तर गावात जायला दुसरा.

आणखी एक उपाय कमी खर्चाचा आहे. हा विचार पुष्कळांच्या मनात लाटेसारखा येतो आणि ती घटका टळली की ओसरतो. म्हणून शेतीची विषारी औषधे राहत्या घरात ठेवू नयेत; कुलपात, दूर, आणि शक्य तर किल्ली दुसऱ्याच्या हाती असावी. श्रीलंकेने १९९५ पासून अतिजहाल औषधांवर क्रमाने बंदी घातली आणि वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खूप खाली आले. पिकांचे उत्पन्न त्यामुळे घटले नाही.

२०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक फिरविला की दिवसा-रात्री केव्हाही समुपदेशक मिळतो, पैसे पडत नाहीत, आणि भाषा निवडताना मराठीही निवडता येते. हैदराबाद, निजामाबाद, आदिलाबाद येथील आपल्या मंडळांनी गणेशोत्सवाच्या मांडवात, कार्यक्रमाच्या पत्रिकेच्या पाठीवर हा क्रमांक छापावा, एवढी आमची विनंती आहे. रिम्सच्या बाह्यरुग्ण विभागात महिन्यातून एक दिवस दुभाषा म्हणून बसू शकतील अशी निवृत्त शिक्षक मंडळी आपल्यात कमी नाहीत. त्यांनी संबंधित डॉक्टरांना भेटून विचारावे.

आणि ज्या घरात हे घडून गेले आहे, तिथे तेराव्यानंतर जावे. पहिले पंधरा दिवस ओसरी माणसांनी भरलेली असते. त्यानंतर कापसाची वेचणी येते आणि जो तो आपल्या रानात जातो. मागे राहिलेल्या बाईला त्याच वेळी दुकानदाराची उधारी, दिराशी जमिनीचा वाद, कचेरीचे हेलपाटे आणि शाळेतल्या पोरांचे प्रश्न एकटीने सोसायचे असतात, आणि ‘तुझ्याचमुळे झाले’ हे ऐकायचे असते. तिलाही झोप लागत नसते. तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात, एखाद्या दुपारी कोणीतरी जाऊन बसावे, तिला आणि मोठ्या मुलाला झोपेचे, जेवणाचे विचारावे, आणि गरज दिसली तर दवाखान्यापर्यंत सोबत करावी.